इराणचा फौजी पुढारी झाला की त्याची कारकीर्द कशी वाचायची (गालिबाफला हाताशी धरून)

इराणची बातमी लागली की आपल्याकडे दोनच गोष्टी दिसतात, एकतर पगडीवाले मौलवी नाहीतर मिसाईल. यांच्या मधला एक माणूस कायम राहून जातो, जो आधी वर्दीत असतो, मग एक दिवस सुटात दिसतो, मग कधी महापौर, कधी संसदेचा सभापती, कधी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, आणि आपण विचार करत बसतो की हा नक्की सैनिक का पुढारी. मलापण बरीच वर्षं हा घोळ होता. शेवटी वैतागून मी एक शंभर पानी वही घेतली आणि त्यात दोन रकाने आखले, डावीकडे "खुर्ची कोणी दिली" आणि उजवीकडे "पेटीतून किती निघाले", म्हणजे मतं. एवढीच पद्धत आहे, पण लय कामाची आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. उदाहरणाला २०२० ला इराणच्या संसदेचा सभापती झालेला मोहम्मद बाकेर गालिबाफ घेऊ कारण त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीत जवळजवळ सगळे नमुने सापडतात.

आधी नावापासून सुरुवात करा, नाहीतर सर्च करतानाच अडकाल. कुठे गालिबाफ लिहितात कुठे कालिबाफ, माणूस एकच. फारसीत क आणि ग यांच्यासारखी घशातली दोन वेगळी अक्षरं आहेत पण तेहरानच्या बोलण्यात दोन्हींचा उच्चार सारखाच होतो, त्यामुळे बाहेरचे लोक मनाला येईल तसं लिहितात. दोन्ही स्पेलिंगनी शोधा. आणि फारसी पान मशीनकडून भाषांतर करून वाचत असाल तर जपून, मला एकदा "गालिचे विणणाऱ्याने संसदेत सांगितले की" असं वाक्य आलं होतं आणि मी दोन मिनिटं डोकं खाजवत बसलो, नंतर ट्यूब पेटली. गाली म्हणजे सतरंजी-गालिचा आणि बाफ म्हणजे विणणारा, आडनावाचा अर्थच तो आहे, आपला गालिचा पण तिथूनच आलाय.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे बरं का. आपल्या भाषेत शिवकालापासून इतकी फारसी मुरलीय की इराणी पदांची नावं अर्धी ओळखीची निघतात. कमांडरला ते फर्मांदेह म्हणतात, म्हणजे फर्मान देणारा. मंत्री म्हणजे वजीर. महापौर म्हणजे शहरदार, आपल्या ठाणेदार-जमीनदाराच्या चालीवर. फक्त दोन ठिकाणी फसाल. रईस म्हणजे तिकडे श्रीमंत माणूस नाही, प्रमुख, त्यामुळे रईस-ए-मजलिस म्हणजे संसदेचा सभापती. आणि राजीनामा हा आपला शब्द इतका फारसी वाटतो पण पद सोडण्याला ते इस्तेफा म्हणतात, त्यामुळे "राजीनामा" टाकून शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

आता पहिली खरी पायरी, माणूस कुठल्या फौजेतला ते बघा. इराणमध्ये फौजा दोन आहेत. एक अर्तेश, म्हणजे शहाच्या काळापासून चालत आलेलं नेहमीचं लष्कर. दुसरी सिपाह-ए-पासदारान, म्हणजे १९७९ च्या क्रांतीनंतर क्रांतीच्याच रक्षणासाठी काढलेली रिव्होल्यूशनरी गार्ड. (सिपाह, शिपाई, कळलं ना.) ओळखायची सोपी खूण अशी की सिपाहच्या जनरलला बातमीत "सरदार" म्हणतात आणि अर्तेशच्या जनरलला "अमीर". राजकारणात दिसणारे जवळपास सगळे सरदार असतात, अमीर क्वचित. याचं कारणही उघड आहे, अर्तेशवर नव्या राज्यकर्त्यांचा सुरुवातीपासून पूर्ण भरवसा नव्हता आणि सिपाह तर त्यांचीच होती. गंमत म्हणजे क्रांतीचे नेते खोमेनींनी आपल्या मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेवलंय की फौजेतल्या लोकांनी पक्षांच्या राजकारणात पडू नये. त्यामुळे प्रत्येक सरदार निवडणुकीच्या तोंडावर आधी वर्दी उतरवतो, मग फॉर्म भरतो. वर्दी उतरवल्याची तारीख वहीत लाल पेनने लिहा, पुढे उपयोग होईल.

तारखांचं एक लक्षात ठेवा, इराणी पानावर १३७८, १३८४, १३९२ असली सालं दिसतील. ते सौर हिजरी साल, त्यात ६२१ मिळवा म्हणजे आपलं साल निघतं. नवं वर्ष २१ मार्चच्या आसपास सुरू होतं म्हणून जानेवारीपासून नवरोजपर्यंतच्या तारखेला ६२२ मिळवायचे. मी सुरुवातीला हे न कळल्याने फेब्रुवारीतल्या घटना सरसकट एक वर्ष आधी टाकल्या होत्या आणि अर्धी वही खोडावी लागली.

चला आता ओळी भरू.

गालिबाफ १९६१ चा, मशहदजवळच्या तोरकाबेह गावचा. १९८० साली इराकने हल्ला केला तेव्हा हा १९ वर्षांचा पोरगा, आघाडीवर गेला, आणि विशीच्या सुरुवातीलाच खोरासानच्या नस्र डिव्हिजनचा कमांडर झाला. भाऊ याच युद्धात मेला. आठ वर्षं चाललेलं हे युद्ध म्हणजे त्या पिढीच्या प्रत्येक सरदाराचं भांडवल आहे, ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. एवढ्या लहान वयात हजारो माणसांचा हुकूम हातात आलेली पोरं युद्ध संपलं तेव्हा तिशीतही पोचली नव्हती, आता यांचं करायचं काय हा प्रश्नच होता. राजकारणाची अर्धी उत्तरं इथे आहेत.

युद्धानंतरच्या ओळी पटापट भरतात. १९९४ ते ९७ खातम अल-अंबियाचा प्रमुख, म्हणजे सिपाहचीच बांधकाम कंपनी समजा, रस्ते धरणं बोगदे वगैरे. १९९७ ला सिपाहच्या हवाई दलाचा कमांडर. २००० ला देशाच्या पोलिसांचा प्रमुख. डाव्या रकान्यात यातल्या वरच्या पदांपुढे एकच नाव येतं, तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनेई. सिपाहचे मोठे कमांडर आणि पोलीसप्रमुख नेमायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, सर्वोच्च नेत्याला आहे. उजवा रकाना अजून कोरा.

इथे एक पत्र येतं, ते सोडू नका. जुलै १९९९ मध्ये तेहरान युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर हल्ला झाला, विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि राष्ट्राध्यक्ष होते सुधारणावादी खातमी. तेव्हा सिपाहच्या २४ कमांडरांनी खातमींना पत्र लिहिलं, आमचा संयम संपत आलाय अशा अर्थाचं. निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला फौजेने असं पत्र लिहायचं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. सही करणाऱ्यांत गालिबाफ होता, कासेम सुलेमानीपण होता. वहीत मी या पत्रासाठी वेगळं पान ठेवलंय कारण ते पुढे पुन्हा पुन्हा वर येतं.

पोलीसप्रमुख म्हणून मात्र त्याने आपली प्रतिमा एकदम बदलली. तातडीच्या मदतीसाठी ११० नंबरची सेवा नीट बसवली, गस्तीला मर्सिडीज गाड्या आणल्या, मधल्या काळात राजकीय भूगोलात डॉक्टरेटपण घेतली, वर विमान चालवायचं लायसन्स. एप्रिल २००५ ला राजीनामा दिला (लाल पेन!) आणि राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. प्रचारात वैमानिकाच्या गणवेशातले फोटो. म्हणजे वर्दी उतरवली पण गणवेश सुटला नाही, एक सोडला दुसरा घातला. हे बघितल्यावर मी वहीत तिसरा रकाना काढला, "काय घातलंय". हसू नका, खरंच उपयोगी पडतो.

आता उजवा रकाना पहिल्यांदा भरतो. २००५ ला मिळाली साधारण ४० लाख मतं, टक्के १४ च्या जवळ, नंबर चौथा. सगळ्यांना वाटत होतं वरच्यांचा लाडका हाच, आणि निघाला भलताच माणूस, तेहरानचा महापौर अहमदीनेजाद, ज्याला बाहेर कोणी मोजतपण नव्हतं. तो राष्ट्राध्यक्ष झाला, तेहरानची महापौरकी रिकामी झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या खुर्चीवर कोण बसलं तर गालिबाफ. ज्याने हरवलं त्याचीच खुर्ची मिळाली. आता डाव्या रकान्यात काय लिहाल? तिथे बरेच जण "लोकांनी" असं लिहून मोकळे होतात आणि तीच चूक आहे. तेहरानचा शहरदार थेट जनता निवडत नाही, सिटी कौन्सिल निवडतं. तेव्हा कौन्सिलमध्ये होते १५ जण.

या महापौरकीवर जरा थांबा, पूर्ण १२ वर्षं आहेत, २००५ ते २०१७. तेहरानला गेलेल्या कोणालाही विचारा, तौहीद बोगदा, सद्रचा दुमजली एक्सप्रेसवे, वाढलेली मेट्रो, यातलं काहीतरी तो सांगेलच. मला स्वतःला त्यातला तबियत पूल आवडतो, २०१४ चा, खाली मोदर्रेस हायवेवर गाड्या वाहतायत आणि वर २७० मीटर लांब फक्त चालणाऱ्यांसाठी पूल, दोन बागा जोडणारा, डिझाईन केलं लैला अराघियान नावाच्या तरुण बाईने. पण पूल बघून भाळू नका, त्याच पानावर पलीकडची बाजूपण लिहा. २०१६ ला बातमी फुटली की महापालिकेच्या मालमत्ता भरमसाट सवलतीत अधिकारी आणि जवळच्या लोकांना दिल्या, आणि अटक कोणाला झाली तर बातमी देणाऱ्या पत्रकाराला. १९ जानेवारी २०१७ ला प्लास्को ही १७ मजली जुनी इमारत आगीत कोसळली, आत गेलेले १६ अग्निशमन जवान मेले. लोकांनी महापौराचा राजीनामा मागितला, त्याने दिला नाही.

खुर्ची किती मतांवर उभी असते ते बघायचं असेल तर २०१३ ची कौन्सिलची निवड बघा, हे जवळून बघण्यासारखं आहे. कौन्सिल आता ३१ जणांचं. समोर उमेदवार मोहसेन हाशेमी, माजी राष्ट्राध्यक्ष रफसंजानींचा मुलगा आणि मेट्रोचा जुना प्रमुख. सुधारणावाद्यांना वाटत होतं आपलं जमतंय. मोजणी झाली तर गालिबाफ १६, हाशेमी १४. सुधारणावाद्यांच्याच यादीवर निवडून आलेल्या एका सदस्याने इकडे मत टाकलं होतं. आपल्याकडच्या महापालिकेत महापौर निवडीच्या आदल्या रात्री काय काय चालतं ते माहीत असलेल्याला यात नवीन काहीच वाटणार नाही. ९० लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, आणि ठरलं एका-दोघांच्या हातात.

आणि हे सगळं झालं कधी, तर तीनच महिने आधी तो राष्ट्राध्यक्षपदाला दुसऱ्यांदा हरला होता त्यानंतर. जून २०१३ ची ती निवडणूक, आणि त्यातली टीव्हीवरची चर्चा हा माझ्या वहीतला सगळ्यात जाड अधोरेखित भाग आहे. गालिबाफने समोरचे उमेदवार हसन रूहानी (तेच पुढे जिंकले) यांना विद्यार्थ्यांच्या प्रश्नावरून टोचलं. रूहानींनी तिथल्या तिथे परत दिलं, की तुम्हीच तर म्हणत होतात विद्यार्थ्यांना येऊ दे, आम्ही गाझअंबरी कारवाई करू. गाझअंबर म्हणजे आपली पक्कड किंवा सांडशी, दोन्ही बाजूंनी आवळायचं हत्यार. आणि वर म्हणाले, मी सरहंग नाही, हुकूकदान आहे. सरहंग म्हणजे कर्नल, हुकूकदान म्हणजे हक्क जाणणारा, वकील. एका वाक्यात आठ वर्षांचे पूल-बोगदे बाजूला पडले आणि आतला फौजी बाहेर दिसला. त्याच सुमारास एक जुनी ऑडिओ क्लिप फिरली, बासिजच्या (सिपाहच्या हाताखालच्या स्वयंसेवक दलाच्या) लोकांपुढे हा १९९९ च्या आंदोलनात मोटरसायकलवरून हातात काठी घेऊन फिरल्याचं अभिमानाने सांगतोय. मतं मिळाली ६० लाखांच्या वर, साडेसोळा टक्के, नंबर दुसरा. रूहानींना १ कोटी ८६ लाख.

म्हणून पायरी अशी, प्रत्येक सरदाराचे दोन आवाज शोधायचे, एक आपल्या लोकांपुढचा आणि एक टीव्हीवरचा, आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे. टीव्हीवर तो मॅनेजर असतो, "जिहादी मॅनेजमेंट" हा शब्द त्याचा फार लाडका, म्हणजे झपाटून काम उरकणारा कारभारी. आपल्या लोकांत तो काठीवाला असतो. कुठला खरा ते ठरवायची घाई करू नका, मला विचाराल तर दोन्ही खरे.

२०१७ ची ओळ छोटी आहे. ४ टक्केवाले विरुद्ध ९६ टक्केवाले अशी घोषणा घेऊन उतरला आणि मतदानाच्या चार दिवस आधी दुसरे उमेदवार इब्राहिम रईसींसाठी माघार घेतली. रईसीही पडले. उजव्या रकान्यात फुली मारा.

मग येतो २०२०, आणि इथे आकडा बघून फसायला होतं. फेब्रुवारीतल्या संसदेच्या निवडणुकीत गालिबाफ तेहरानमधून पहिला, साडेबारा लाखांच्या वर मतं. वाचून वाटतं वा, शेवटी लोकांनी डोक्यावर घेतलं. पण असा आकडा एकटा कधीच लिहू नका, शेजारी दोन गोष्टी लिहायच्याच, एक, गार्डियन कौन्सिलने (उमेदवार पारखून मंजूर-नामंजूर करणारं मंडळ) कोणाला उभंच राहू दिलं नाही, आणि दोन, मतदान किती झालं. त्या वेळी सुधारणावाद्यांचे उमेदवार ढिगाने बाद केले होते आणि देशभर मतदान साडेबेचाळीस टक्के, क्रांतीनंतरच्या संसद निवडणुकांतलं तोवरचं सगळ्यात कमी, तेहरानमध्ये तर त्याहून कितीतरी खाली. मैदान मोकळं, प्रेक्षक घरी, आणि हा पहिला. पुढच्या वेळी २०२४ ला तेच तेहरान, आणि मतं साडेचार लाखांच्या आसपास, नंबर चौथा, त्याच्याहून कडव्या लोकांनी मागे टाकलं.

सभापतीपद मात्र दोन्ही वेळा मिळालं. मे २०२० ला २३० मतं, मे २०२४ ला १९८. संसद २९० जणांची, आणि सभापती दरवर्षी निवडतात, त्यामुळे हा आकडा दरवर्षी बघा, बाजारभावासारखा वरखाली होतो. डाव्या रकान्यात इथे "सभागृह" लिहायचं.

२०२२ च्या वसंतात बाळाच्या कपड्यांचं प्रकरण झालं. घरातली मंडळी तुर्कस्तानला जाऊन होणाऱ्या नातवंडासाठी खरेदीचं सामान घेऊन आली, विमानतळावरून बातमी फुटली, आणि महागाईने बेजार लोकांना देशी माल घ्या सांगणाऱ्यांच्या घरात तुर्की बाळंतविडा म्हणून बोंबाबोंब झाली. इराणी लोकांनी त्याला "सिस्मुनी-गेट" नाव दिलं, सिस्मुनी म्हणजे मुलीच्या पहिल्या बाळासाठी माहेरून जातं ते सामान. असली प्रकरणं फालतू म्हणून सोडू नका. कोट्यवधींच्या मालमत्तेची बातमी लोक विसरतात, बाळाची टोपडी-दुपटी विसरत नाहीत.

२०२१ ला राष्ट्राध्यक्ष झालेले रईसी मे २०२४ ला हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि जूनमध्ये अचानक निवडणूक लागली. गालिबाफ पुन्हा उभा. ३३ लाख ८३ हजार मतं, नंबर तिसरा, पुढे पेझेश्कियन १ कोटी ४ लाख आणि जलिली ९४ लाख. आता उजवा रकाना वरून खाली वाचा, ४० लाख, ६० लाख, माघार, ३३ लाख. एकोणीस वर्षं आणि सगळं तिथल्या तिथे. डावा रकाना वाचा, डिव्हिजन, बांधकाम, हवाई दल, पोलीस, महापालिका, संसद. मधली २०१७ ते २०२० ची वर्षं सोडली तर खुर्ची फारशी सुटलीच नाही म्हणा ना.

थोडी जुनी फाईलपण बघून घ्या, नाहीतर हे सगळं सिपाहपासूनच सुरू झालं असं वाटेल. रझा खान हा कोसॅक ब्रिगेडचा अधिकारी, फेब्रुवारी १९२१ ला तेहरानवर चालून आला, मग युद्धमंत्री, १९२३ ला पंतप्रधान, १९२५ ला थेट शहा. पाच वर्षांच्या आत छावणीतून सिंहासनावर. १९४१ ला ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा घुसल्यावर त्याला गादी सोडायला लागली, आणि त्याला घेऊन निघालेलं ब्रिटिश जहाज मुंबईसमोर येऊन थांबलं पण उतरू दिलं नाही, तिथूनच दुसऱ्या जहाजावर चढवून मॉरिशसला पाठवलं. पहिल्या जहाजाचं नाव काय, तर "बांद्रा". जनरल रझमारा १९५० ला पंतप्रधान झाला, नऊ महिन्यांत मशिदीत गोळी घातली. जनरल झाहेदी ऑगस्ट १९५३ ला मोसाद्देकचं सरकार उलथून त्याच्या जागी बसला आणि १९५५ ला शहानेच त्याला बाजूला केला. तेव्हा वाट छोटी होती आणि पडायचं तर थेट कड्यावरून. आताचा सरदार लांबच्या वाटेने जातो, उमेदवारी मंजूर करून घेतो, टीव्हीवर वाद घालतो, हरतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो.

तिसऱ्या रकान्यातली माझ्याकडची शेवटची नोंद १२ ऑक्टोबर २०२४ ची आहे. बैरुतवर इस्रायलचे बॉम्ब पडतायत, आणि ६३ वर्षांचा सभापती इराणहून बैरुतला स्वतः विमान चालवत उतरला, कॉकपिटमधले फोटो सगळीकडे. २००५ च्या प्रचारातला वैमानिक परत हजर.

हात बसवायचा असेल तर पुढचा माणूस मोहसेन रेझाई घ्या. १९८१ ते १९९७ सिपाहचा प्रमुख, म्हणजे डाव्या रकान्यातली पहिलीच ओळ १६ वर्षांची. उजवीकडे २००५ ला माघार, मग २००९, २०१३, २०२१. त्याच्यासाठी वहीचं जोडपान घ्या, एका पानात मावत नाही.